शुक्रवारच्या यादीत नाव

मंडळीतले किस्से गोळा करायला फार काही करावं लागत नाही. मागच्या ओळीत अ‍ॅम्प्लिफायरजवळ गप्प बसायचं, बास! आठ वर्षं मी तेच करतोय. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून नर्सरीत टोमॅटो-मिरचीची रोपं करतो आणि रविवारी मंचरला आमच्या भाड्याच्या हॉलमध्ये माईक सांभाळतो. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून लोक माझ्यासमोर काहीही बोलतात! किस्से साठत जातात. अवसरीला खोलीवर आलो की ते सांगायला कोणी नसतं. म्हणून आज तुम्ही समोर बसलाय असं समजून सांगतो.

आमची ख्रिस्ती मंडळी छोटी. जुन्नर आणि आंबेगाव मिळून बावीस कुटुंबं आणि एक शमुवेल. तो मी. पास्टरांच्या रजिस्टरमध्ये तसंच लिहिलंय!

* * *

आमच्याकडे दर शुक्रवारी एकेका घरी प्रार्थना असते. संध्याकाळी पाचला सुरू, दिवस मावळायच्या आत संपली पाहिजे, कारण नंतर रस्ता बिबट्याचा. कुणाचा शुक्रवार कधी, ती यादी हॉलच्या दारामागे चिकटवलेली. बावीस नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून.

एकदा हिंमत करून मी पास्टरांना विचारलं, “माझा शुक्रवार कधी?”

पास्टर हसले. “तुझं लग्न होऊ दे, लगेच लिहितो.”

शेजारी साळवेकाका उभे होते. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, एसटीत कंडक्टर होते, अजूनही माणसाकडे तिकीट काढलंय का अशा नजरेने बघतात. ते म्हणाले, “एकट्या मान्साची खोली म्हंजी घर न्हाई, राव. ते पार्किंग!”

सगळे हसले. मीही हसलो. मला फक्त एवढंच हवं होतं, की एका शुक्रवारी माझ्या खोलीत माणसं बसावीत.

* * *

आता मार्थामावशी. महिला मंडळाची अध्यक्ष आणि माझ्या लग्नाची ठेकेदार! चार वर्षं दर रविवारी उभी राहून ती माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची.

“प्रभू, आमच्या शमूला बायकू दे. लई शिकलेली नको, त्याला दबवंल. जुन्नरची चालंल, नारायणगावची पळंल. पन डिंभ्याच्या वरची नको रे बापा, तिकडं एसटी टायमाला येत न्हाई!”

देवाला एसटीचं वेळापत्रक समजावून सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. माईक माझ्या हातात असायचा. आवाज कमी करावा असं दर वेळी वाटायचं.

एका रविवारी ती नाचतच आली. “प्रार्थना ऐकली! जुन्नरकडच्या मढ गावची पोरगी हाय. गुरवारी बघायला जायचं!”

मी त्या रात्री जेवलो नाही. इतकी वर्षं गप्प राहणं सोपं होतं, कारण त्यात फक्त मीच होतो. आता त्यात मढची एक मुलगी आली होती. तिने काय केलं होतं?

* * *

पास्टरांना मी मोटारसायकलवर सांगितलं. ते पुढे, मी मागे, मांडीवर अ‍ॅम्प्लिफायर. तोंड दिसत नाही, तिथेच बोलता येईल असं वाटलं.

“पास्टर, मला लग्न नाही करायचं.”

“सगळे आधी असंच म्हणतात!”

“तसं नाही. मला बायका नाही, पुरुष आवडतात. पहिल्यापासून.”

गाडीचा आणि वाऱ्याचा आवाज. ते ओरडले, “जोरात बोल!”

मी आयुष्यात पहिल्यांदा जोरात बोललो. रस्त्याकडेला कांदा खुरपणाऱ्या चार बायका उभ्या राहून बघायला लागल्या!

पास्टरांनी गाडी मोरीजवळ थांबवली. हेल्मेट काढलं.  मी तसाच उभा. मग ते म्हणाले, “आधी तो अ‍ॅम्प्लिफायर खाली ठेव. जड आहे.”

मी ठेवला.

“शमू, बायबलमध्ये मला जे दिसतं, ते तुझ्यासाठी मी वेगळं वाचणार नाही. ते तुलाही माहीत आहे.”

“हो.”

“पण येताना तू माझ्या मागे बसून आलास ना? जातानाही माझ्याच मागे बसून जायचंस. चल.”

* * *

मावशीला मी स्वतः सांगितलं. ती ओट्याला टेकली, पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले. मला वाटलं, आता ती मला बाहेर काढणार.

“आरं, मंग मढवाल्यांना काय सांगू?” ती म्हणाली. “मी तुझा पगार बी वाडवून सांगितलाय!”

त्यानंतरच्या रविवारी प्रार्थनेला ती उभी राहिली. पावसासाठी बोलली, बोर्डाच्या परीक्षेसाठी बोलली, कुणाच्या म्हशीसाठी बोलली आणि खाली बसली. पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्याही. जी प्रार्थना ऐकून मला जमिनीत जावंसं वाटायचं, तिचीच मी माईक धरून वाट बघत होतो.

चौथ्या रविवारी मावशी म्हणाली, “प्रभू, शमूची पाठदुखी बरी कर.”

माझी पाठ कधीच दुखली नव्हती! बाहेर तिला गाठलं.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “पन चार वर्साची सवय हाय रं. एकदम कशी तोडू? दुसरं काय मागावं ते कळंना, म्हून पाठ मागितली.”

* * *

पुढच्या किश्शात हसण्यासारखं फार नाही.

माझा मोठा भाऊ डिंभ्याला असतो, धरणावर मासेमारी करतो. आईला जाऊन वर्ष झालं, तेव्हा घरी तिच्या आठवणीची प्रार्थना ठेवली होती. तोवर गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. त्याचा फोन आला.

“तू येऊ नको. पावणं इचारत्यात.”

मी बरं म्हणालो. त्याने फोन ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. मला वाटलं, त्याला वाईट वाटलं असेल.

“आरं, त्या दिवशी माईक लागनार हाय,” तो म्हणाला. “अ‍ॅम्प्लिफायर तेवढा एसटीत ठेवून दे.”

दिला ठेवून. ड्रायव्हरच्या मागे, नीट, दोरीने बांधून. एसटी सुटली आणि मी स्टँडवर उभा राहिलो.

* * *

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना कळायला हवं, असं पास्टर म्हणाले. मला विचारूनच त्यांनी सांगितलं. सगळ्यात अवघड गेलं ते साळवेकाकांना.

उपासना संपली की आमच्याकडे सगळे एकमेकांचा हात हातात घेतात. साळवेकाका त्या दिवसापासून दोन्ही हात भरून यायला लागले. एका हातात बायबल, दुसऱ्या हातात छत्री. भर एप्रिलमध्ये! माझ्यासमोर आले की दोन्ही हात थोडे वर करून दाखवायचे आणि पुढे जायचे.

मग एका रविवारी बाहेरून एक पाहुणे वक्ते आले. त्यांना कुणीतरी आधीच माझ्याबद्दल सांगितलं असावं. उपदेश करता करता त्यांनी थेट मागच्या ओळीकडे बोट केलं. “या मंडळीत एक घाण आहे! ती बाहेर काढल्याशिवाय आशीर्वाद येणार नाही!”

सगळ्यांच्या माना वळल्या. मी अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणांकडे बघत राहिलो. त्यांचा आवाज माझ्याच बोटाखाली होता, बंद करता आला असता. नाही केला.

साळवेकाका उठले. छत्री टेकवत पुढे गेले.

“पावणं, आमच्या पोराला काय बोलायचं ते आमी बोलू. तुमी न्हाई. तुमची गाडी साडेबाराची हाय, आन आता सव्वाबारा झाल्यात. चला, मी बशिवतो.”

आणि खरंच स्टँडवर नेऊन बसवलं! परत आले, तेव्हा मी दारातच होतो. “काका...” एवढंच म्हणालो. त्यांनी दोन्ही हात थोडे वर करून दाखवले आणि पुढे गेले.

* * *

दिवाळीच्या सुमारास यादी संपली आणि नवी लावायची वेळ आली. पास्टरांनी तेविसावं नाव लिहिलं. माझं. पंचांच्या बैठकीत दोघा-तिघांनी लगेच कारण काढलं, “शमूच्या खोलीमागं ऊस हाय. बिबट्या हाय तिथं.”

पास्टर म्हणाले, “मागच्या महिन्यात मार्थाबाईंच्या अंगणातून कुत्रं नेलं, तरी आपण गेलोच ना? बिबट्या काय फक्त एकट्या माणसाच्याच घरामागे राहतो?”

नाव राहिलं. पण नाव राहिलं म्हणजे माणसं येतीलच असं नाही.

* * *

माझा शुक्रवार आला. नर्सरीतून अर्धी सुट्टी घेतली, खोली दोनदा झाडली, सतरंज्या अंथरल्या, शेजारून एक खुर्ची आणली. पाच वाजले. सव्वापाच झाले. चहाचं पाणी उकळून अर्धं झालं, पुन्हा भरलं.

साडेपाचला पास्टर आणि पास्टरीणबाई आल्या. मग मार्थामावशी आणि तिची सहा वर्षांची नात जेनी. बावीस कुटुंबांतून चार माणसं. पास्टरांनी गीताचं पुस्तक उघडलं, तेवढ्यात दारात छत्री दिसली.

साळवेकाका उंबऱ्याबाहेरच थांबले. “मला तुझं पटल्यालं न्हाई. मरंपर्यंत पटायचं न्हाई. आधीच सांगतो.”

“हो काका.”

“मंग खुर्ची कुटाय? खाली बसवत न्हाई आता.”

गीत झालं, वाचन झालं. आमच्याकडे शेवटची प्रार्थना वडीलधाऱ्या माणसाने करायची रीत आहे. त्या घरातल्या सगळ्यांची नावं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेक करून घ्यायची आणि आशीर्वाद मागायचा. मोठ्या घरात त्याला दहा मिनिटं लागतात.

काका उठले. छत्री आणि बायबल खुर्चीवर ठेवलं. डोळे मिटले.

“प्रभू, या घरातली मान्सं तुज्यापुढं ठेवतो,” ते म्हणाले आणि थांबले.

खूप वेळ थांबले. बाहेर ऊस वाजत होता. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

“या घरातला याकोब,” काका म्हणाले.

याकोब म्हणजे ते स्वतः.

“मार्था.” मावशीने नाक ओढलं. “विजय.” पास्टर. “सुनंदा.” पास्टरीणबाई. मग पुन्हा जरा थांबून, “शमुवेल. आन सगळ्यात धाकटी जेनी.”

जेनी एकदम मोठ्याने म्हणाली, “आजोबा, पण मी या घरातली कुठाय? आमचं घर मंचरला हाय!”

“डोळं मिट,” काका म्हणाले. “प्रार्थना चालू हाय.”