मी थांबलेय

साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्यावर एक रीतच पडून गेली आहे. आपली कविता वाचून झाली की कवी पिशवी उचलतो आणि जेवणाच्या रांगेकडे वळतो. माझं नाव पुकारलं तोवर मंडपात नुसत्या खुर्च्या उरल्या होत्या. कागद पिशवीत टाकून मीही निघणार, तोच शेजारच्या बाई म्हणाल्या, "वाचा की. मी थांबलेय." त्यांची कविता तर केव्हाच वाचून झाली होती.

मी वाचली. एका ओळीला त्यांची मान हलली. घरी कितीदा वाचलेली ती ओळ मला पहिल्यांदाच खरी वाटली. लिहायला एकांत पुरतो. पुढचं कुणाच्या तरी मानेवर अवलंबून असतं.

जेवायला म्हणून आम्ही दोघी उठलो, तर पुढचं नाव पुकारलं गेलं. स्टेजवर चढलेल्या मुलीने रिकाम्या मंडपाकडे पाहिलं.

आम्ही पिशव्या पुन्हा मांडीवर घेतल्या.