छातीला वाकळ बांधून बसणारे सर

पहाटे शाळेच्या मैदानावर छातीला दोरीनं जुनी वाकळ बांधून उकिडवे बसलेले शिंगटे सर ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांनी नव्वदच्या सुमाराचं आमचं पलूस पाहिलंच नाही. वैरणीला निघालेल्या बाया हटकून विचारायच्या, "आवं सर, थंडी लय वाजती व्हय?" सर म्हणायचे, "थंडीचं काय न्हाई वैनी, ह्या पोरीचं भ्या हाय!" ती पोरगी म्हणजे मी. माझे सॉफ्टबॉलचे वाट्टेल तसे येणारे चेंडू सर स्वतः झेलायचे, आणि शाळेकडे छातीचं पॅड नव्हतं, म्हणून घरची वाकळ घेऊन यायचे.

ते आमचे पीटीचे शिक्षक. मला त्यांनी हेरलं ते शाळूच्या रानात. मी माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकत होते, आणि बांधावरून जाणारे सर सायकल आडवी टाकून बघत राहिले. "काय हात हाय गं तुझा! पिचर हुशील." पिचर म्हणजे खालून हात फिरवून बॅटवाल्या मुलीकडे चेंडू टाकणारी. गोफण फिरवणाऱ्या हाताला हे सहज जमेल, असं सरांना वाटलं. तिथंच घोटाळा झाला. गोफणीचा दगड वरून सुटतो, आणि माझा खांदा ते काही केल्या विसरेना. चेंडू सुटायच्या आधी खांदा वर जायचा आणि चेंडू सरांच्या डोक्यावरून थेट कुंपणात.

"तुझा खांदाच चुगली करतोय बघ," सर चेंडू शोधून आणत म्हणायचे, "काय हुनार ते मला आदीच कळतंय." पण कधी खेकसले नाहीत. मी रडकुंडीला आले की म्हणायचे, "रडायचं आसंल तर रड, पण टाकत ऱ्हा." मी रडत रडत टाकायची. मला तो खेळ जिवापाड आवडायचा, येत नव्हता एवढंच!

मग साताऱ्याची स्पर्धा आली. समोरच्या मुलींना बॅट उचलायचीही गरज पडली नाही. माझे चेंडू इतके वाकडे की नियमाप्रमाणे एरवी पळत गाठायच्या बेसवर त्या एकामागून एक नुसत्या चालत गेल्या. कडेनं कुणीतरी ओरडलं, "पाखरं राखाय आलीस व्हय गं?" सगळं मैदान हसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले. वडील फौजेतून सुट्टीवर आले होते. "हवालदार, पोरीला शिकवायचं फुडं चालू ठेवावं का थांबवावं?" सरांनी विचारलं.

"लोकं हसत्यात म्हणं. तुमाला काय वाटतंय?"

सरांनी बशी खाली ठेवली. "लय राबली ओ ती. मला आता तिचं त्वांड बघवत न्हाई. थांबवू या." मग आईकडे वळून म्हणाले, "काय वैनी?" आई म्हणाली, "बरं हुईल."

त्यांना चहा मीच नेऊन दिला होता. दाराआडच उभी होते. मला खेळायचंय, एवढंच म्हणायचं होतं. पण थोरांच्या बोलण्यात तोंड घालायची आमच्यात कुठली टाप? सर चप्पल घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "अभ्यास कर हां आता." सरांचा एवढा राग मला आधी कधी आला नव्हता. महिनाभर मी गोठ्याच्या भिंतीवर चेंडू आपटत राहिले. म्हैस बिथरून पान्हा चोरायला लागली, तसा आईनं चेंडूही काढून घेतला.

लग्न होऊन मी सांगलीला आले. दशक संपता संपता सरांना तिथल्याच एका दवाखान्यात ठेवल्याचं कळलं, म्हणून डबा घेऊन गेले. एवढा धिप्पाड माणूस, पण पार वाळून गेला होता. अंगावर घरून आणलेली वाकळ होती. तीच का, ते विचारायचा धीर झाला नाही.

"एक इचारायचं ऱ्हायलं गं तवा," सर हळू आवाजात म्हणाले. "तुझ्या बाला इचारलं, आईला इचारलं, तुला तेवढं न्हाई. तुला खेळायचं हुतं व्हय?"

आजारी माणसाला काय सांगणार? मी हसून म्हणाले, "छे हो सर, मीच कंटाळले होते. सुटले एकदाची!"



"खांदा वर गेला बघ," सर म्हणाले, आणि वाकळ तोंडावर ओढून घेतली.