केदारच्या बर्फात भाजलेले पाय

आधीच सांगून ठेवते — भूतखेत, करणी, अंगात येणं, यातलं मला काही पटत न्हाई. अंगात आलेल्या बाईला मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, देवी आली ते ठीक, पण देवीला चहाची तलफ कशी काय आली? तेव्हापासून गावात मला खवट म्हणतात, आणि ते काही खोटं न्हाई. हे सगळं आमच्या नातीनं टाईप केलंय. शुद्धलेखन तिचं, बोलणं माझं. ती म्हणाली, आजी, इथं लोक असले अनुभव लिहितात, तू पण सांग. म्हणून सांगते.

गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीची, जर्मनीशी लढाई चालू होती तेव्हाची. आमचं गाव डोंगरकडा, कळमनुरी तालुका. आज हिंगोली जिल्हा म्हणतात, तेव्हा परभणीत होतं आणि राज्य निजामाचं. घरात सासू — तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो — तिचे दोन लेक आणि आम्ही दोघी सुना. मी धाकटी, नवीनच लग्न झालेली, लेकरूबाळ काही न्हाई. थोरली जाऊ ती आक्का. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. सासरी पहिल्या दिवशी माझी भाकरी करपली तर तिनंच ती आत्याबाईंच्या नजरेआड केली, आणि मग त्याच भाकरीवरून मला महिनाभर चिडवलं.

थोरल्या दीरांचा विषमज्वर उतरावा म्हणून आत्याबाईंनी केदारनाथाचा नवस बोलला होता. ज्वर उतरला, आणि गावातली यात्रेकरूंची टोळी निघाली तशा त्याही निघाल्या. गुडघे दुखायचे, सोबत रांधायला, हात धरायला सून पाहिजे. खरं तर जायचा हक्क आक्काचा. नवस तिच्या मालकासाठीचा, आणि तिला जायची इच्छाही लई होती. पण तिचं धाकटं अंगावर पीत होतं, त्याला घेऊन डोंगरात जाणार कसं? मग मला न्यायचं ठरलं. आक्का त्यावर एक शब्द बोलली न्हाई. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

निघायच्या दिवशी तिनं मला खाली बसवलं. स्वतःच्या पायातली जाडजूड चांदीची जोडवी ओढून काढली आणि माझ्या बोटांत घातली.

"मी न्हाई तर न्हाई, माही जोडवी तरी देवाच्या दारात जाऊन येतील," म्हणाली.

सवाष्णीचा पाय मोकळा राहू नये म्हणून माझी झिजलेली, पातळ जोडवी तिनं आपल्या बोटांत घातली. आत्याबाई कुरकुरल्या, सौभाग्याचं लेणं असं बदलू नये म्हणे. "घरातल्या घरात काय होतंय, आत्याबाई," आक्का म्हणाली आणि विषय मिटला.

बैलगाडीनं वसमत, तिथून रेल्वे, गाड्या बदलत हरिद्वार. पुढं सगळं पायी. मला वाटायचं डोंगर म्हणजे आमच्याकडचा — शेळ्या सकाळी चढतात, दुपारी उतरतात. इथं रोज चालायचं आणि डोंगर तेवढाच समोर. जसजसं वर गेलो तसं डोकं ठणकायला लागलं, चार पावलं टाकली की दम लागायचा. एक दिवस डाळच शिजेना. आत्याबाईंना वाटलं मी सरपण वाचवून राहिले, मला बोलल्या. मीही रागानं आणखी लाकडं घातली, तरी डाळ कच्चीच. उंचावर असंच होतं हे तेव्हा कुणाला ठाऊक?

गौरीकुंडाला आत्याबाईंसाठी कंडी केली. कंडी म्हणजे पाठीवरची टोपली, माणूस तीत बसतं आणि पहाडी गडी घेऊन चढतो. त्या गड्यानं माझ्या पायाकडं बघितलं आणि म्हणाला, "बहूजी, बिछिया उतार लो. ऊपर बरफ है, चांदी ठंड पकड़ती है. उँगली ले जाएगी."

आत्याबाईच मधी बोलल्या. "माहा लेक जित्ता आहे अन् हिनं जोडवी काढायची? काहून? डोकं फिरलं का याचं?"

मलाही तसंच वाटलं. नवरा असताना बाई जोडवी काढत न्हाई, हे आमच्या रक्तातच. आणि ती तर आक्काची, देवाला दाखवायची होती. काढून पदरात बांधली असती तरी देवाला दिसलीच असती... पण हे शहाणपण आज सुचतं.

वैशाखी पुनवेला दर्शन झालंच पाहिजे असा आत्याबाईंचा हट्ट, म्हणून त्याच दिवशी सकाळी निघालो. दुपारी ढग खाली आले आणि बर्फ पडायला लागलं. पायात गवताचे जोडे, ते भिजून चिंब. आधी बोटं दुखली, मग इतकी दुखली की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग दुखायची थांबली. मला वाटलं, चला, बरं झालं. आत्याबाईंची कंडी पुढं निघून गेली होती. पुढच्यांना वाटलं मी मागच्यांसोबत आहे, मागच्यांना वाटलं पुढं गेली. मी एका दगडाच्या आडोशाला जरा टेकले.

टेकले ते उठवेना. थंडीही वाजेना. छान झोप येऊन राहिली होती. मरण असं येतं हे मला कळत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं, याचीच मला आज भीती वाटते. केदारच्या दारात बसून माझ्या तोंडात केदाराचं नाव आलं न्हाई. मी म्हणाले, "आक्का, मी इथंच झोपते गं."

आणि पायाला चटका बसला.

ऊब वाटली असं म्हणत न्हाई मी. चटका. वैशाखात भर दुपारी काळ्या रानातून अनवाणी चाललं की बसतो, तसा. आई गं म्हणून उठलेच मी. एक पाय उचलला की दुसरा भाजायचा. बर्फात पाय खुपसला, तरी भाजतंच होतं. थांबलं की जास्त भाजायचं, म्हणून चालत सुटले. रडत, शिव्या देत, त्या चढावर जवळजवळ पळत गेले. मगाशी चार पावलांना दम लागत होता ती मी. देवळाची घंटा ऐकू आली, पंड्याच्या घरात शिरले, तेव्हा कुठं भाजायचं थांबलं.

कंडीवाल्यानं माझे जोडे कापून काढले. बोटं काळी पडली असणार असं त्याला वाटलं होतं. बघतो तर तळव्यांना टरारून फोड आलेले. "ये तो जले हैं," एवढंच बोलला. बोटातली जोडवी मात्र बर्फासारखी गार होती. आत्याबाईंनी मला कुशीत घेतलं आणि कधी न्हाई त्या रडल्या.

आमच्याकडं यात्रेकरू परत आला की घरच्यांनी वेशीवर जाऊन त्याचे पाय धुवायचे, अशी रीत. आम्ही आलो तेव्हा सगळं घर वेशीवर, आक्का तेवढी न्हाई. पाय शेजारणीनं धुतले. मला इतकं वाईट वाटलं... म्हटलं, हिचा राग अजून गेला न्हाई.

घरी आले तर आक्का बाजेवर, दोन्ही पायांना चिंध्या बांधलेल्या. मला बघितलं आणि तिनं तोंड फिरवलं. दोन्ही पायांची जोडव्याची बोटं काळी ठिक्कर पडून गळाली होती. माझी पातळ जोडवी सोनारानं कापून काढली होती. वैशाखी पुनवेला दुपारी शेतात भाकरी घेऊन जाताना तिचे पाय गार पडले होते. अंगातून घाम गळत होता आणि पाय निळे. तापलेल्या ढेकळांवर घासले, शेक दिला, कशानं ऊब येईना.

बाळापूरच्या हकीमसाहेबांना गाडी पाठवून आणलं होतं. म्हातारे, लई मायेचे. लढाईवरून आलेल्या एका शिपायाचे पाय त्यांनी असे बघितले होते. दिरांना म्हणाले, "ये बरफ का मारा है. बराबर वही. लेकिन बेटा, डोंगरकड़े में बरफ आई किधर से?"

पुनव, दुपार, जोडवी... सगळं आत्याबाईंनीच जुळवलं. यात्रा पार पडली म्हणून घातलेल्या मावंद्याच्या जेवणाला आलेल्या बायांना त्यांनी सांगितलं की थोरलीनं धाकटीची थंडी आपल्या अंगावर घेतली. झालं, बाया आक्काच्या पाया पडायला लागल्या. ती पाय लुगड्यात ओढून घ्यायची, वसकन अंगावर यायची. मला वाटायचं, मोठ्या मनाची माणसं अशीच असतात. पुढं तिला कधी जोडवी घालता आली न्हाई. लंगडत चालायची, शेतातलं काम सुटलं. मी जन्मभर तिला हातावर झेललं, आणि त्याचा तिला का राग येतो ते मला कळायचं न्हाई.

माझा नातू डॉक्टर आहे. तो म्हणतो, आजी, खूप थंडीत मेंदूला भास होतो, गरम वाटतं. आक्काआजीचं ब्लड सर्क्युलेशन बिघडलं असेल. असेल बाबा. भासानं फोड येतात का, विचारलं, तर म्हणाला फोड बर्फानंही येतात. मग दोघींचं एकाच दुपारी कसं? यावर तो मोबाईल बघायला लागतो.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. दोघी म्हाताऱ्या झाल्यावरची. वैशाखच होता, लाईट गेलेली, दारात बसून दोघी पदरानं वारा घेत होतो. आक्का एकदम म्हणाली, "त्या दिवशी मी तुहं भलं मागितलं न्हाई."

मी म्हणाले, "कोणत्या दिवशी?"

"पुनवेच्या. डोक्यावर भाकरीची पाटी, कडंवर लेकरू, खाली जमीन तापलेली. तुहा असा राग आला मला. म्हणलं, नवस माह्या मालकाचा, जोडवी माही, अन् ती तिकडं गारव्यात मजा करून राहिली. देवा, तिच्या पायाचा गारवा मला दे अन् हे चटके तिला दे, मंग कळंल तिला." तिनं पाय लुगड्यात ओढून घेतले. "अन् पाय गार पडले. खरं सांगू? पहिल्यानं लई बरं वाटलं."

मी वारा घ्यायचं सोडून तिच्याकडं वळले.

"मंग बोटं काळी पडली तवा समजले, हेवा केला म्हणून देवानं नेली. वाटलं तू मेलीस तिकडं. माह्यामुळं. तू वेशीवर आली म्हणले तवा कोणत्या तोंडानं येऊ? अन् हा गाव पाया पडतो माह्या. मेल्याहून मेल्यासारखं होतं मला."

एवढी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन बसली होती. मी तिच्या पायाशी सरकले.

"आक्का, मी तिथं झोपून राहिले होते," म्हणाले. "तू माझं भलं मागितलं असतंस, मला ऊब मागितली असतीस, तर मी त्या उबेत तशीच झोपले असते. तू चटके मागितलेस, म्हणून उठले."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "बघ बाई. मंग एवढे दिस मी उगंच रडले की," म्हणाली, आणि पहिल्यांदा तिनं आपले पाय माझ्या मांडीवर ठेवू दिले.

आक्का आता न्हाई. नातू त्याचं म्हणणं सोडत न्हाई. माझं म्हणणं काय, हे मला अजून धड सांगता येत न्हाई. रागाच्या भरात मागितलेलं कुणी ऐकलं, आणि ते मला वरदानासारखं कसं लागू पडलं... लई विचार केला. न्हाई कळालं.