काळ्या मातीतल्या भेगा

शहराच्या टोकाला, बेसात आम्ही प्लॉट घेतला तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. जमीन ओलसर, गवताळ, अगदी गरीब चेहऱ्याची. मी म्हणायची, "इथं किचन," आणि नवरा चार पावलं टाकून किचनची भिंत बनून उभा राहायचा. लोक बघायचे, पण आम्हाला त्याचं काही नव्हतं.

मग मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गेलो, तर गवत जळून गेलेलं आणि सगळ्या प्लॉटभर भेगा. एका भेगेत मी काडी घातली. माझा हात कोपरापर्यंत आत गेला तरी काडीला तळ लागला नाही. ती भेग बरोबर माझ्या किचनमधून गेली होती. मी काडी तिथंच सोडून मागं सरले.

ही भीती मला नवी नाही. माझं माहेरचं घर अशाच काळ्या मातीवर होतं. ही माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि वरचं घर तिच्यासोबत हलत राहतं. भिंतीवरची भेग वाढली का ते कळावं म्हणून बाबा तिच्या टोकाशी पेन्सिलीनं तारीख लिहायचे. आम्हा पोरांची उंची कोणी कधी मोजली नाही, भेगांची मात्र दर वर्षी मोजली. एका श्रावणात किचनची भिंत आत कोसळली. आई पाटा धुवायला अंगणात गेली होती म्हणून वाचली. तो आवाज झाल्यावर आईला हाक मारायची माझी हिंमत झाली नाही, कारण तिनं ओ दिली नाही तर काय?

हे सगळं मी नवऱ्याला तिथंच उन्हात सांगितलं. तो हसला. "काहून एवढी भेऊन राहिली वं? खालचा कडक मुरूम लागेपर्यंत खोदू, तिथून पिलर उचलू. आता कोणी जुन्यासारखी घरं बांधते का?"

तो मिहानमधल्या कारखान्यात मोठमोठ्या मशिनी सांभाळतो. त्याला कळत असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण त्या आठवड्यात भाजी चिरता चिरता माझं लक्ष भाड्याच्या फ्लॅटच्या भिंतीकडे जायचं. ती भिंत बिचारी ठणठणीत होती.

त्याच आठवड्यात तो रोज तासभर लवकर ड्युटीवर जाऊ लागला. संध्याकाळी बुटांना चिखल असायचा. भर मेमध्ये चिखल कुठला, हे मी विचारलं नाही. मीही मूर्खच!

पुढच्या रविवारी मिस्त्री जमीन बघायला येणार होते. आम्ही पोचलो तर प्लॉट सपाट, एकही भेग नाही. "पाह्य, भरल्या ना?" नवरा म्हणाला. क्षणभर मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मिस्त्री म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी टाच दाबली, वाकून मातीचा गोळा उचलला, बोटांत चुरगाळला आणि विचारलं, "साहेब, इथं पाणी कोणं सोडलं? मले सुकी माती पाहाची होती. हे तं फुगून राहिली. आता वाळू द्या, मंग बोलवा." त्यांनी गोळा टाकला, हात झटकले आणि गाडीला किक मारून निघून गेले.

नवरा खाली बघत होता. शेजारच्या बांधकामावरच्या बोअरचा पाइप आमच्या कुंपणाशी गुंडाळून ठेवलेला होता.

मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. ज्याच्या भरवशावर मी या जमिनीवर झोपणार, तोच माणूस माझ्यापासून भेगा लपवत होता. "मला दिसू नये म्हणून केलं ना?" मी म्हणाले. "तुम्ही असं झाकत राहिलात तर मला कळणार कसं? आपल्या घरातली प्रत्येक भेग मला माहीत पाहिजे. मी घाबरेन, रडेन, पण माहीत पाहिजे."

मिस्त्रींनी टाकलेला गोळा त्यानं बुटानं फोडला. मग म्हणाला, "तुह्यासाठी नाही केलं वं."

"मग?"

"तू आईचं सांगितलं, तवापासून मलेच त्या पाहवत नव्हत्या."

मी त्याचा हात धरला. तो घामानं ओला होता आणि माझाही. उन्हात उभं राहूनही मला थंडी वाजली. तोवर मला वाटत होतं, दोघांपैकी एकजण तरी घाबरलेला नाही.