शनिवारची चूक

बारामतीच्या एमआयडीसीत हॉलंडची कंपनी आली आणि मला नोकरी लागली, ती फक्त इंग्रजी येतं म्हणून. माझं इंग्रजी म्हणजे निबंध पाठ करून बी.ए. झालेलं. पण वडगाव निंबाळकरहून एसटीनं रोज ये-जा करणाऱ्या आणि साहेबापुढं तोंड उघडणाऱ्या मुली तेव्हा फारशा नव्हत्या. वासरात लंगडी गाय शहाणी. कंपनी दूध थंड ठेवायच्या स्टीलच्या टाक्या बनवायची. साहेब बोलला की ते कामगारांना मराठीत सांगायचं, कामगार बोलले की साहेबाला इंग्रजीत. एवढंच काम. नुसत्या बोलण्याचा पगार मिळतोय, नशीब काढलंस, असं वडील म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं.

साहेब उंच, लालबुंद आणि मनानं सरळ. कॅन्टीनच्या रांगेत ताट घेऊन उभा राहायचा, ताट स्वतः विसळायचा. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना बजावलं, मला साहेब म्हणू नका, नावानं हाक मारा. आता वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची कशी? दोन दिवस कुणी त्याला हाकच मारली नाही. मग कुणीतरी नावापुढं ‘राव’ लावलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेबही खूश. त्याला वाटलं, आपलं ऐकलं.

दर शनिवारी काम सुटायच्या आधी तो सगळ्यांना गोल उभं करायचा आणि विचारायचा, या आठवड्यात काय चुकलं? कुणाकडून चुकलं? त्यांच्या देशात म्हणे असंच असतं. शाळेत, घरी, कंपनीत, सगळीकडे तोंडावर बोलायचं आणि नंतर एकत्र बसून कॉफी प्यायची. नियम दोनच. चूक केली तर शिक्षा नाही. खोटं बोललं तर घरी. मी ते मराठीत सांगितलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

पुढचे कित्येक शनिवार एकच उत्तर. “सगळं बेस हाय.”

मी हे इंग्रजीत सांगितलं की साहेबाचा चेहरा पडायचा. जिथं काहीच चुकत नाही तिथं माणसं खोटं बोलतात, असं तो म्हणायचा. आणि आमच्या माणसांना कळेना की सगळं चांगलं चाललंय म्हटल्यावर या बाबाला दुःख का होतं. दहा माणसांत उभं राहून दुसऱ्याची चूक सांगणं म्हणजे त्याची अब्रू घेणं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आणि स्वतःची सांगणं म्हणजे घरच्यांची मान खाली घालणं. भांडण झालंच तर मिटवायला चार माणसं असतात. ती ओट्यावर बसतात, चहा होतो आणि विषय संपतो.

शेवटी तात्यांनी तोड काढली. तात्या सणसरचे, पन्नाशी ओलांडलेले. सगळं आयुष्य साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये काढून आमच्याकडे आले होते, आणि कंपनीतले निम्मे वेल्डर त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. चहाच्या टपरीवर ते म्हणाले, “पाव्हण्याला चूक पायजे तर देऊ की. त्यात काय अवघड हाय?” आणि कालव्याचं पाणी जसं बारी लावून घेतात तशी त्यांनी चुकीची बारी लावून दिली. या शनिवारी हा, पुढच्या शनिवारी तो. ज्याची बारी त्यानं एक चूक आणायची.

मग काय, चुकांचं पीक आलं. कुणी हातमोजे घालायला विसरला, कुणी कटरचं पातं उशिरा बदललं. काही खऱ्या, काही घरून येताना एसटीत रचलेल्या. साहेब एकेकाचा हात हातात घेऊन आभार मानायचा आणि मी शहाण्या मुलीसारखी सगळं इंग्रजीत सांगायचे. मला त्याचं हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. पाहुण्याचं मन राखलं, कुणाची अब्रूही गेली नाही. आपली माणसं किती हुशार, असं मी आईला सांगितल्याचं आठवतंय.

या सगळ्यांत एक वेल्डर होता, इंदापूरकडचा, वरकुट्याचा. वय तिशीचं. आजोबांनी मेंढरांमागं जन्म काढला, वडिलांनी थोडी शेती केली आणि हा घरातला पहिला नोकरदार. कंपनीचं ओळखपत्र तो रविवारी गावातसुद्धा गळ्यात घालून फिरतो, अशी त्याची थट्टा चालायची. मुलीला इंदापूरच्या शाळेत घातलं होतं. त्याचा जोड इतका साफ असायचा की साहेब बोट फिरवून बघायचा आणि मान डोलवायचा.

तात्यांचा जोड मात्र तसा राहिला नव्हता. वेल्डिंगच्या उजेडात आयुष्यभर काम केल्यानं त्यांचे डोळे गेल्यात जमा होते. हे सगळ्यांना माहीत होतं, साहेब सोडून. तात्यांचं काम झालं की हा वरकुट्याचा गडी कुणाला न दिसता त्यांच्या जोडावरून पुन्हा वेल्डिंगचा हात फिरवायचा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. गुरूचं एवढं करायचंच असतं, यात विशेष ते काय.

त्याच्या भाचीचं लग्न वरकुट्याला होतं. साहेबाला आग्रहाचं आमंत्रण. बाकीचे कामावर होते, साहेब आणि मी कंपनीच्या जीपनं गेलो. साहेबाला फेटा बांधला, मांडी घालता येईना म्हणून पाय लांब करून पंगतीत बसवलं, आणि हा स्वतः जिलेबीचं ताट घेऊन त्याच्या पुढं उभा. नको नको म्हणत साहेबानं इतकी खाल्ली की परत येताना जीपमध्ये झोपला.

पुढं पावसाळ्यात बातमी आली की आमची एक टाकी गळाली. एका जोडातून थंडाव्याचा गॅस निघून गेला, टाकी थंड होईना आणि एका अख्ख्या गावाचं दूध नासलं. त्या शनिवारी ज्याची बारी होती तो गळक्या नळाची चूक घेऊन तयार होता. साहेबानं त्याला हातानं थांबवलं आणि विचारलं, हा जोड कुणाचा?

जोड तात्यांचा होता हे त्या गोलात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला तात्या दिसत होते. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. ते बोलणार होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याआधीच वरकुट्याचा वेल्डर पुढं आला.

“माझ्याकडनं झालं.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. माझं कामच ते. साहेबाला इतका आनंद झाला की त्यानं त्याला मिठीच मारली. नळ आणि हातमोजे यांच्या पलीकडची पहिली चूक आज कुणीतरी सांगितली, असं तो म्हणाला, म्हणजे त्याला सगळं कळत होतं तर. मी चपापले. शिक्षा नाही, पण जोड का फसला ते आपण दोघं मिळून शोधू, असं त्यानं वेल्डरला सांगितलं.

सोमवारी ती टाकी परत आली. साहेब, वेल्डर आणि मी तिच्याजवळ उभे होतो. टाकीवर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर जोडकामाची तारीख ठोकलेली असते. साहेब वाकून ती वाचत राहिला, आणि सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. तो माझ्याकडे न बघता बोलला आणि मला ते मराठीत करावं लागलं. “त्या दिवशी तू मला जिलेबी वाढत होतास.”

साहेबानं विचारलं, मग कुणी केला? वेल्डर म्हणाला, मीच. साहेबानं पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, मीच. साहेब हताश होऊन ऑफिसकडे निघाला, तेव्हा वेल्डर हळूच म्हणाला, “ताई, हे त्यास्नी सांगू नगा. पण मी खोटं न्हाय बोललो. त्या दिशी मी हितं न्हवतो, म्हणूनच त्यो जोड गळाला. असतो तर हात फिरवला असता. मग चूक कुणाची?”

काय सांगणार होते मी? सांगितलं असतं तर तात्या उघडे पडले असते, आणि तात्यांचे जोड कैक महिने झाकले गेले हेही. मी साहेबाला एवढंच म्हटलं की आमच्याकडे माणूस दुसऱ्याची चूक अंगावर घेतो, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. त्यानं नीट ऐकून घेतलं. मी समजू शकतो, म्हणाला. हे चांगलंच असेल. पण उद्या दुसरी टाकी जाईल, तिच्यातलं दूध लेकरं पितील, आणि जोड कुणी केला हेच मला कळणार नसेल तर मी तो दुरुस्त कसा करू? कुणासाठी घेतली त्यानं चूक, एवढं सांग. मी नाव सांगितलं नाही. तो काही चुकीचं बोलत नव्हता, हाच माझा संताप होता. वाईट माणूस असता तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या.

खोटं बोलला म्हणून त्याची नोकरी जाणार, हे गावात कळलं आणि दोन दिवसांनी वरकुट्याहून चार माणसं आली, नारळ आणि शाल घेऊन. बरोबर तात्या. साहेबानं नारळ घेतला, चहा मागवला. ते म्हणाले, पोरगं चुकलं, चार शब्द बोला, झाडलोटीला लावा, पण मिटवा. मी सांगितलं. साहेब म्हणाला, मिटवायचं तर मला फक्त नाव सांगा. मी तेही सांगितलं. चौघं माझ्याकडे बघायला लागले, जणू मी मध्ये काहीतरी कमीजास्त करून ते जुळवून देईन. तात्यांनी चहाची बशी तशीच खाली ठेवली.

बाहेर पडल्यावर मी तात्यांना गाठलं. मी चिडले होते. तुम्ही बोलत का नाही, चुकीला इथं शिक्षा नाही, एका शब्दात सगळं मिटेल, असं बरंच काही बोलले. घरी मी कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलले नव्हते. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बाय, त्यानं चार माणसांत माझं झाकलं. आता मी उघडं केलं तर त्यो खोटा ठरतो. त्याच्या घरच्यांनी आन घातलीय, बोलायचं न्हाय म्हणून. मी काय करू, तूच सांग.”

त्याच आठवड्यात वेल्डरला काढलं. ओळखपत्र परत घेताना साहेबाच्याच डोळ्यांत पाणी होतं. खोट्याला माफी द्यायची नाही, हे वरून आलेलं आहे, माझ्या हातात नाही, असं तो दोनदा म्हणाला. दोनदा मी ते सांगितलं. वेल्डर म्हणाला, “असू द्या.” आणि साहेबाच्या पाया पडून गेला.

पुढच्या शनिवारी पुन्हा गोल झाला. या वेळी चुकीची बारी कुणी लावली नव्हती. साहेबानं विचारलं आणि मी नेहमीसारखं मराठीत सांगितलं. एक माणूस पुढं आला. तात्यांच्याच हाताखाली शिकलेला, लेकुरवाळा, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. खाली बघून म्हणाला, “जोड तात्यांचा व्हता.” त्याचा राग कसा करणार? एकाला घरी जाताना सगळ्यांनी बघितलं होतं. उद्या विचारलं आणि माहीत असून गप्प राहिलो तर आपलाही नंबर, एवढंच त्याच्या डोक्यात असणार.

साहेबानं नियम पाळला. तात्यांना एक शब्द बोलला नाही. उलट त्यांचे डोळे कंपनीच्या खर्चानं पुण्याला दाखवायचं ठरवलं आणि त्यांना बसून करायचं हलकं काम दिलं. मी लगेच म्हटलं, मग त्या दुसऱ्याला आता परत घ्या. साहेब म्हणाला, तात्या चुकले. तो खोटं बोलला.

त्यानंतर शनिवारी खऱ्या चुका यायला लागल्या. यानं हे केलं, त्यानं ते केलं. टाक्या सुधारल्या, हे मला मान्य करायलाच हवं. टपरीवर मात्र आता दोघं-दोघं वेगळी उभी राहून चहा प्यायची. तात्या थोडे दिवस आले. मग एकदा रजेवर गेले ते आलेच नाहीत. डोळे दाखवायला पुण्यालाही गेले नाहीत.

दिवाळीनंतर मी वरकुट्याला गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं, राहवलं नाही म्हणून गेले. तो घरीच होता, दारात म्हशीला वैरण टाकत होता. बायकोनं चहा केला. मुलीला इंदापूरच्या शाळेतून काढून गावातल्या शाळेत घातलं होतं, ती लाजून दाराआड उभी. त्यानं साहेबाची खुशाली विचारली, नवी मशीन आली का विचारलं. मनात काही धरलेलं दिसत नव्हतं. उलट थोडा ताठच बसला होता, मोठं काम करून आल्यासारखा. गावात त्याचा मान वाढला होता म्हणे.

मग कप खाली ठेवून त्यानं विचारलं, “तात्यांचं नाव न्हाय न्हवं निघालं?”

कंपनीतलं त्याच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. बायको माझ्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याला कुठलीच भाषा येत नसती तर बरं झालं असतं. पण आज ना उद्या ते त्याच्या कानावर जाणारच होतं, टपरीवरच्या कुणाच्या तरी तोंडून. मी सांगितलं. पुढच्याच शनिवारी निघालं, म्हटलं. आणि तात्यांना कुणी काही बोललं नाही, हेही सांगितलं.

म्हैस वैरण खात होती, तो तिच्याकडे बघत होता.

“कुणी काही बोललं न्हाय?”

“नाही. चुकीला शिक्षा नाही, तसा नियमच आहे ना.”

“मग मी कशापायी घेतली वो ताई अंगावर?”

बायको उठून आत गेली. मी तिथंच बसून राहिले. इंदापूरची गाडी यायला अजून अवकाश होता.