मानाजीमामांनी तोडलेला जोड

मानाजीमामा आमचे वेलचेरीचे घरमालक. तंजावरी मराठी, रेल्वेच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. बदली होऊन पुण्याहून इकडं तमिळ मुलखात आलेल्या मला त्यांची मराठी अर्धीच कळायची, आणि त्यांना माझी पेपर वाचून दाखवल्यासारखी वाटायची.

एन्नोरपलीकडच्या एका कोळीवस्तीत त्यांचा जीव गुंतला होता. समोर वीजकेंद्राची धुराडी आणि वस्तीत अंधार! एका संस्थेनं तिथं जमिनीलगत सौर पॅनल बसवले, वायरिंग मामांनी फुकट केलं. पुढं सरकारी लाइनही आली, तेव्हा संस्था पॅनल उचलून दुसऱ्या गावाला न्यायला निघाली. मामा अडून बसले. रोज संध्याकाळी जाणारी लाइन आणि उन्हावर भरणारी बॅटरी त्यांनी अशी जोडली, की लाइन गेली तरी दिवा लुकलुकतसुद्धा नसे. हे नीट चाललं तर पॅनल राहतील, असं संस्थेनं कबूल केलं.

आणि थोड्याच दिवसांत लाइन गेली की अंधार व्हायला लागला. येतोय असं कळवून मामा मला घेऊन धावले. वस्तीतल्या बायकांची पुढारी वसंता, तिनं पॅनल लख्ख पुसून ठेवले होते, कॉफीही तयार. मामांनी बॅटरीचं पाणी बघितलं, एकेक वायर ओढून बघितली.

"अस्कं सरी आहे वो. मग कां होईना?"

सगळंच ठीक, मग चालत का नाही? मला काय कळणार, कपाळ! मी आपली आकाशाकडं बघत राहिले. ऊन तर होतं. पुन्हा एकदा कळवून गेलो, पुन्हा तेच. मामांचं जेवण सुटलं. सोमवारी संस्थेची माणसं तपासायला येणार होती.

शनिवारी दुपारी आम्ही न सांगताच जाऊन थडकलो. सगळ्या पॅनलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मासळी वाळत घातलेली. मामा येणार म्हटलं की बायका ती उचलून पॅनल पुसत होत्या, त्यांचा मान राखायला!

मामा कडाडले. वसंताही तमिळमध्ये तेवढ्याच जोरात उसळली, "लाइन आल्यापासून हे नुसतं पडून आहे, असंच वाटलं. दिवा कधी जातच नव्हता. उन्हाचा दिवा कुठला, हे तुम्ही कधी दाखवलंत आम्हाला?"

मामा मटकन खाली बसले. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

"इतकं बेस केलो," ते म्हणाले, "की कोणास दिसलंच नाही." त्यांचे डोळे भरले होते.

मग त्यांनी पक्कड काढली. प्रत्येक घरातला एक दिवा लाइनपासून तोडून एकट्या उन्हाच्या बॅटरीवर ठेवला, बाकीचे नुसत्या लाइनवर. वसंतानं न सांगता मासळी टोपल्यांत भरायला घेतली.

सोमवारी संध्याकाळी संस्थेची माणसं आली तेव्हा लाइन गेलेली होती आणि घरोघरी एकेकच दिवा जळत होता. "हा आमचा," म्हणत वसंता त्यांना घरोघर फिरवत होती. पॅनल राहणार, हे त्यांनी तिथंच सांगून टाकलं.

मामा माझ्याशेजारी उभे होते. "अम्मा, जोडलेलं तोडलो," ते हळूच मला म्हणाले, "हे बरं झालं की वाईट?"