पांढऱ्या तारा

सावळीराम हुशार होता, यात वादच नाही. आणि त्या हुशारीनेच त्याचा घात केला, यातही नाही. बापाच्या आजारपणात त्याने आयटीआयचं दुसरं वर्ष सोडलं, ते सोडलंच. पण नाशिकरोडच्या त्याच्या वस्तीत कुणाचा रेडिओ गप्प झाला की लोक आधी त्याच्या दारात. हा गडी रेडिओ मांडीवर घ्यायचा, मागचं झाकण काढायचा आणि म्हणायचा, "काय दुखतंय रे बाबा तुला?" तासाभरात बाबा बोलायला लागायचा.

त्र्याऐंशी साली वाल्मीकशेठने रविवार कारंजाजवळ गाळा घेऊन व्हिडिओगेमचं मशीन मांडलं. शेठ मूळचा देवळ्याकडचा कांद्याचा व्यापारी. त्याला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. कपाटाएवढा लाकडी खोका, वर पडदा, खाली एक दांडा आणि दोन बटणं. पडद्यावर विमानं यायची, ती पाडायची. बस, एवढंच! पण कॉलेजच्या पोरांची रांग पार कोपऱ्यापर्यंत जायची. आठव्या दिवशी मशीन बंद पडलं. मुंबईचा मेकॅनिक चार दिवसांनी येतो म्हणाला. कुणीतरी सावळीरामला बोलावून आणलं आणि त्याने ते दोन तासांत चालू केलं.

"उद्यापासून इथंच यायचं," शेठ म्हणाला.

इथंच त्याच्या डोक्यात किडा शिरला. मुंबईचा तो मेकॅनिक आला तर? आपल्याकडे ना सर्टिफिकेट, ना ओळख. तेव्हा त्याने रेडिओवाल्यांची जुनी युक्ती वापरली. मशीनच्या पोटात लाल, पिवळ्या, हिरव्या तारा होत्या. कुठली कुठे जाते ते रंगावरून कळावं म्हणून. एका सोमवारी गाळा बंद असताना त्याने त्या सगळ्या उपटल्या आणि एकजात पांढऱ्या घातल्या. कुठली तार कशाची, हे फक्त त्याच्या डोक्यात. आता येऊ दे म्हणावं मुंबईवाला!

मुंबईवाला कधी आलाच नाही. पण त्या दिवसापासून सावळीरामला रजाही मिळाली नाही. बहिणीच्या लग्नाला सिन्नरला गेला, तर जेवणाची पंगत बसायच्या आत शेठचा माणूस मोटारसायकल घेऊन हजर. लेकीच्या बारशाला हा गाळ्यात, हातात सोल्डरिंग आयर्न. "माझं मशीन सावळीरामशिवाय कुणाला कळत नाही," असं शेठ चारचौघांत सांगायचा. पहिल्या वर्षी ते ऐकून सावळीरामच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. तिसऱ्या वर्षी तेच वाक्य ऐकलं की तो उठून गाळ्याबाहेर जायचा.

एकदा सातपूरच्या एका कारखान्यात त्याचं नोकरीचं जमत आलं होतं. शेठ शांतपणे म्हणाला, "जा की. मी कोण अडवणारा? फक्त जायच्या आधी दुसऱ्या कुणाला मशीन शिकवून जा." आता शिकवणार काय, कपाळ? झाकण उघडलं की शिकणारा पहिलंच विचारणार, या सगळ्या पांढऱ्या कुणी केल्या? लबाडी उघडी पडायची भीती मोठी वाईट. सावळीराम कारखान्यात गेला नाही. घरी बायकोला, भागीला, त्याने सांगितलं, "तिथे पाळी रात्रीची होती."

सत्त्याऐंशी उजाडलं आणि मशीनची रया गेली. बिघडलं नव्हतं हो, पाठ झालं होतं. पोरं एका नाण्यावर दीड तास खेळायची आणि पडद्याकडे न बघता गप्पा मारायची. ज्यांना जमत नव्हतं त्यांना रांगेत कंटाळा यायचा. गाळ्यात माश्या.

"मशीन दर दोन वर्षांनी बदललं पाहिजे," शेठने निकाल दिला. "कांदा कोंब यायच्या आत काढायचा असतो. मी नवं आणतोय. त्याचा माणूस त्याच्याबरोबर मुंबईहून येईल. हे जुनं जाईल वणीला, माझ्या मेहुण्याच्या गाळ्यात. यात्रेकरूंना हे नवंच आहे."

"आणि मी?"

"तू मशीनबरोबर. दुसऱ्या कुणाला येतंय ते?"

भागी वस्तीतल्याच बालवाडीत शिकवायची आणि तीन वर्षांची लेक तिच्याच पुढ्यात बसायची. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी नोकरी सोडून वणीला यायची नाही. तुम्ही तिकडे, आम्ही इकडे. हे असं किती वर्षं? आणि तिथलं जुनं झालं की पुढे कुठे? सुरगाण्याला?"

सावळीरामला झोप लागेना. सकाळी तो शेठपुढे जाऊन उभा राहिला. "शेठ, खोका कशाला बदलता? पडदा चांगलाय, दांडा चांगलाय. पोरं कंटाळली ती खेळाला. आतली सर्किटची प्लेट तेवढी नवी आणा, नवा खेळ येईल. खोका दहा वर्षं हलायला नको."

शेठने विचार केला. "जमेल?"

"मला सगळं पाठ आहे."

"बरं. प्लेट मागवतो. पाडव्याच्या आत चालली तर तू आणि खोका नाशकात. नाही चालली तर वणी."

प्लेट आली. तळहाताहून थोडी मोठी, हिरवीगार, देखणी. सावळीरामने खोक्याचं मागचं दार उघडलं आणि आत बघितलं. चाळीस पांढऱ्या तारा. चार वर्षांची धूळ. शेठ पाठीशी स्टूल घेऊन बसलेला.

खरं तर मीटर लावून एकेक तार तपासायची, कागदावर लिहायची. एका दिवसाचं काम. पण मीटर हातात घेतलं आणि शेठ म्हणाला, "हे कशाला? पाठ आहे ना?"

"आहे ना!"

त्याने मीटर खाली ठेवलं. अरे, ठेवू नको ना गाढवा! पण ठेवलं. आठवून आठवून तो तारा जोडत गेला. शेवटच्या दोघींपाशी अडला. एक पाच व्होल्टची, एक बारा व्होल्टची; उलट लागल्या तर प्लेट जळणार. डावीकडची पाच, हे त्याला पक्कं आठवत होतं. जवळजवळ पक्कं. त्याने बटण दाबलं.

चट् असा आवाज झाला, नव्या प्लेटमधून धुराची एक रेघ वर गेली आणि जळका वास गाळाभर पसरला. शेठ उठला, स्टूल भिंतीला लावलं आणि मुंबईला फोन करायला गेला.

पाडवा झाला. या वेळी मीटर लावून जुनी प्लेट परत घातली आणि जुनं मशीन टेम्पोत चढवलं. नवं रंगीत मशीन गाळ्यात उभं राहिलं, त्याच्याबरोबर रावजी नावाचा पंचविशीतला मेकॅनिक. सावळीराम आपलं सोल्डरिंग आयर्न घ्यायला आत गेला, तर रावजी नव्या मशीनमागे उकिडवा बसलेला. पुढ्यात वर्तमानपत्रावर लाल, पिवळ्या, हिरव्या तारांचा ढीग. हातात पांढऱ्या तारेचं कोरं भेंडोळं.

"रावजी, नको करू रे असं," सावळीराम कळवळून म्हणाला. "मी हेच केलं होतं. त्यात मीच अडकलो."

रावजी हसला. "मामा, माझ्या जागी राहून तुम्हाला वणी चुकवायचीय. कळतं मला."

सावळीराम बाहेर आला. शेठ टेम्पोचा दोर आवळत होता. एवढ्या वर्षांची गोष्ट सावळीरामच्या तोंडून एका दमात बाहेर पडली. "शेठ, मशीनमधल्या तारा मीच पांढऱ्या केल्या होत्या. माझी जागा जाऊ नये म्हणून. आत रावजीही तेच करतोय. त्याला थांबवा."

शेठने दोराला गाठ मारली आणि ओढून बघितली. "तुझ्या तारा मी पहिल्याच महिन्यात बघितल्या होत्या, सावळीराम."

"मग बोलला नाहीत?"

"कशाला? माणूस आपणहून स्वतःला बांधून घेतोय. मला दावं शोधायला नको." त्याने गाळ्याच्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "ह्याला पण करू दे. दोन वर्षांनी हे मशीनही जुनं होईल, मग तो येईल तुझ्या मागे. चल, बस टेम्पोत. मेहुणा वाट बघतोय."